विधवा, व्दोवा

अल खफजी, सौदी अरेबिया,
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय सुमीत,

फोनवर हे बोलता आलं नसतं. तिथे आई शेजारीच बसलेली असते.

आमची शेजारीण ओक्साना युक्रेनची, तिकडे कॉलेजात भाषा शिकवायची. तिचा नवरा आंद्री आमच्या ह्यांच्याच कंपनीत पाणबुड्या होता. मंगळवारी वारा सुटला आणि त्याची बोट परत आलीच नाही. बुधवारी ती सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात बसून होती. बाहेर गाडी थांबली की दोघी दाराकडे बघायचो.

दुपारी हे आले. तिच्याकडे न बघता, भाजीचं विचारावं तशा आवाजात मला मराठीत म्हणाले, "नाव घेत नाही, तिला कळेल. बिचारी विधवा झाली. साहेब येऊन सांगतील, तोवर चेहरा सांभाळ."

मी सांभाळला रे. पण ओक्सानाने माझं मनगट धरलं. "व्दोवा?"

ह्यांची मान खाली गेली.

ती रडली नाही. वर्गात उभी असल्यासारखी इंग्रजीत सांगू लागली. तुमचा विधवा आणि आमचा व्दोवा, शब्द एकाच मुळातला. आपल्याला शाळेत शिकवलेलं, धव म्हणजे नवरा, तो नाही ती विधवा. ती म्हणाली, मुळात त्यात नवरा नाहीच, अर्थ नुसता 'वेगळी पडलेली'. एरवी पुरुषाच्या शब्दाला शेपूट लावून बाईचा शब्द होतो, हा उलटा. विधुराचा 'व्दिवेत्स' बाईच्या शब्दातून काढलाय. मग विभक्ती म्हणू लागली. व्दोवा, व्दोवी, व्दोवू... संबोधनाला आली, "व्दोवो!" म्हणाली, आणि तिथे तिला रडू फुटलं.

साहेब आले तेव्हा ती तोंड धुऊन बसली होती. परवा मायदेशी जायला निघताना मला एवढंच म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होतात, आणि त्या घरात मी एकटी होते."

सुमीत, तू आणि डॉक्टर आईसमोर इंग्रजीत बोलता. तिला काही कळू द्यायचं नाही म्हणतोस, मीही फोनवर हसून बोलते. मी सुट्टीला मेमध्ये येणार होते, पण गेल्या शुक्रवारी तिने मला विचारलं, "मेपर्यंत थांबायलाच हवं का गं तुला?" असं तिने कधी विचारलं नव्हतं. इथून बाहेर पडायलाही व्हिसा लागतो, त्यासाठी मी पासपोर्ट दिलाय, लवकरच निघते. त्याआधी तिच्याजवळ बस आणि तिच्या आजाराचं नाव तिला आपल्या भाषेत सांग. नाहीच जमलं तर मी सांगेन, तू फक्त तिचा हात धर.

तुझीच,
ताई