अर्धा निकाल

सोमवार, ३ नोव्हेंबर
रोजनिशीची सवय मला नाही. आजपासून लिहिते आहे, कारण माझा भाऊ बाळू आणि त्याचा मुलगा समीर यांनी मिळून मला पंच नेमलं आहे, आणि उद्या कोणी म्हणायला नको की आत्याने मनाला येईल ते ठरवलं.
भाऊबीजेला इथे मुलुंडला, माझ्या घरी, भरल्या ताटावर बापलेकांचं वाजलं. बाळूला निवृत्तीच्या पैशांची एफडी मोडायची आहे. साडेतीन लाख. मोबाईलवर कोणी 'सर' आहेत, ते घरबसल्या कोच व्हायला शिकवतात. छोटा कोर्स त्याने केलाय, आता मोठा. कसला कोच? 'यशाचा,' बाळू म्हणाला. आयुष्यभर औषधकंपनीचं गोडाऊन सांभाळलं याने.
समीर: 'बाबा, शुद्ध चुना लावतायत तुम्हाला.'
बाळू: 'तुका काय कळता? ताई बघून सांगेल.'
समीर: 'चालेल. आत्या म्हणेल ते.'
मुदत महिनाअखेर. एकतीस वर्षं परीक्षा विभागात गुणपत्रिका पडताळल्या. खरं-खोटं हेच काम होतं. बघू.

बुध. ५ नोव्हें.
'सरां'चा फुकटचा वर्ग ऐकला. दोन तास. शिकवलं काही नाही, विकलं मात्र भरपूर. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं, 'शेवटच्या सात जागा'.
दुपारी अंधेरीला जाऊन आले. पत्ता खरा. पाटी आहे, ऑफिस आहे, मुली नीट बोलल्या. कंपनीची नोंदणीही सापडली. पैसे परत मिळतात, पण सगळे गृहपाठ पूर्ण केले असतील तर. गृहपाठ किती? ते पैसे भरल्यावर कळतं.
घरी पोचते तोच बाळूचा फोन. 'काय गो ताये, खरां मां?' लहानपणी निकालाच्या दिवशी असाच मागे लागायचा. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाकलं: 'कंपनी खरी आहे. नोंदणी पाहिली, पत्ता पाहून आले. बाकी तपासणी चालू आहे.'

शुक्र. ७
परवाच्या सात जागा आजही सातच. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.
गुडघा दुखतोय.

रवि. ९
घाटकोपरला बाळूकडे. बायको, सुधा, गेल्यापासून दोन वर्षं बनियनवर बसलेला माणूस. आज दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. खिडकीशी गोल दिवा उभा केलाय, त्यासमोर रोज सकाळी सहाला उठून व्हिडिओसाठी बोलतो. मला बोलून दाखवलं. हात फार हलवतो. पण अडखळला नाही.
शेजारची मंदा डोकावली. साड्यांना फॉल-बिडिंग करून देते, सुधाची मैत्रीण. 'ताई, भावजी आता स्टार झालेत हां! ऑटोग्राफ घेऊन ठेवा.' बाळू चक्क लाजला.
जाताना मंदा मला म्हणाली, 'तुमच्यामुळे धीर आला.' कशाचा, ते विचारायला हवं होतं. भाजी जळत होती म्हणून आत गेले.
येताना वाटलं, खोटं निघालं नाही तर बरं. असं वाटणं बरोबर नाही. कागद हातात असताना आपल्याला काही वाटायचं नसतं.

मंगळ. ११
'सरां'च्या पानावर विद्यार्थ्यांच्या कमाईचे फोटो. तीन वेगवेगळी माणसं, तीन रकमा. तिन्ही फोटोंत मोबाईलवरची वेळ ४:१७. बॅटरी ३४ टक्के. तिन्हींत.
एकाच छापावर तीन नावं. अशा गुणपत्रिका मी ढिगाने पकडल्यात.
तरी एका फोटोवर निकाल देत नाही. तिथल्याच एका व्हिडिओत एक बाई आहे, वाकोल्याची. खाली तिचा नंबर होता, फोन लावला. भेटते म्हणाली.

गुरु. १३
वाकोला. बाई खरी, घर खरं, चहाही चांगला.
'कोर्समधून पैसे मिळाले?'
'मिळाले ना! खोटं कशाला बोलू?'
'काय करून?'
'लोकांना कोर्सला लावून. प्रत्येकामागे हिस्सा असतो.'
'आणि तुम्ही ज्यांना लावलंत, त्यांना?'
'त्यांनी मेहनत नाही घेतली, मावशी.' मग कप उचलताना, 'माझा सख्खा भाऊ होता त्यात. आता येत नाही.'
म्हणजे शिकवण्यासारखं आत काही नाहीच. कोर्स विकायचा कोर्स. निकाल स्पष्ट आहे. बाळूला तोंडावर कसं सांगायचं, एवढंच...

शनि. १५
सकाळी मंदाचा फोन. रडत होती. अठरा हजार भरलेत तिने, छोट्या कोर्सला, भिशी लागली होती ती सगळी. बाळूने पाठवलेल्या लिंकवरून. आता मोठा कोर्स घ्या म्हणून रोज फोन येतात, पैसे परत मागायला हिने केला तर कोणी उचलत नाही.
'मला विचारायचंस तरी गं.'
'विचारायचं काय ताई? तुम्हीच तपासलंत ना! तुमचा मेसेज बघूनच भरले मी.'
तो मेसेज तिने मला पाठवला. माझाच. फोटो काढून, खाली कापून. 'कंपनी खरी आहे. नोंदणी पाहिली, पत्ता पाहून आले.' पुढचं वाक्य नाही. वर बाळूने लिहिलंय: 'माझ्या ताईने तपासलंय. ३१ वर्षांचा अनुभव.'
ऑफिसात निकाल लागायच्या आधी मी घरच्यांनाही अर्धा शब्द सांगितला नाही. मंत्र्याच्या माणसाला सांगितला नाही. इथे भाऊ मागे लागला म्हणून...

रवि. १६
बाळूकडे. फोटो समोर धरला.
'कापलंस का?'
'तपासणी चालू आहे म्हणालीस, म्हणजे होईलच ना पास. मी जरा आधी सांगितलं.'
'मंदामागे किती मिळाले तुला?'
त्याने मोबाईल उलटा ठेवला.
'आणखी कोणाला पाठवलंस?'
बिल्डिंगच्या ग्रुपवर. कंपनीतल्या जुन्या माणसांच्या ग्रुपवर. सुधाच्या माहेरी.
मग ४:१७ आणि ३४ टक्के सांगितलं. वाकोला सांगितलं. त्याने ऐकलं. गोल दिवा बंद केला आणि म्हणाला, 'मग मी सकाळी उठून काय करू, ते पण सांग.' 

मंगळ. १८
मंदा सायबर पोलिसांकडे तक्रार करणार आहे. माझ्या फोनमधला पूर्ण मेसेज तिला हवा, तारखेसकट. तो दिला की बाळूने कापला हे उघड. तक्रारीत त्याचं नाव येणारच, लिंक त्याची होती.
बाळू इथे आला होता. चहा घेतला, मग: 'तिचे अठरा हजार मी देतो. तो कागद तिका देव नको गो, ताये.'
'बाकीच्यांचं काय? तुझा फोटो बघून आणखी कोणी भरले असतील त्यांचं?'
'तू माझी बहीण आहेस की तिची?'
समीरला फोन केला. म्हणाला, 'आत्या, एफडी वाचली, आता सोड ना. बाबांना पोलिसांत कुठे ओढतेस?' निकाल काय यायला हवा होता, हे दोघांचंही आधीच ठरलेलं होतं तर.

शुक्र. २१
निकाल हाताने लिहिला, एक पान. दोनदा फाडला. पहिल्यांदा बाळूला सांभाळून घेतलं होतं. दुसऱ्यांदा त्याच्यावर राग काढला होता. तिसरा ठेवला. शेवटच्या ओळीत लिहिलंय: 'अर्धवट तपासणीवर मत कळवणं ही माझी चूक.'
समीरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याने वाचलाय.

रवि. २३
घाटकोपर. सकाळी अकरा.
मंदाला दिलं: ५ तारखेचा पूर्ण मेसेज, छापून, खाली माझी सही. निकालाची झेरॉक्स. अंधेरीचा पत्ता. वाकोल्याच्या बाईचा नंबर दिला नाही, तिला विचारलेलं नाही. मंदाने पोच म्हणून सही केली. 'भावजींचं काय होईल हो?' विचारत होती. माहीत नाही म्हटलं.
बाळूला: तेच सगळे कागद, दुसरी प्रत. त्याने दार उघडलं, हात पुढे केला नाही. दाढी वाढलीय. चपलांच्या स्टँडवर ठेवले. आतून म्हणाला, 'वारा येतो तिथे.' त्याच्याच चपलेखाली दाबून ठेवले.
पोच मिळाली नाही.