तिकडचे अकरा

मुजम्मिलभाई, सलाम.

मुख्तारचाचांशी बोलणं तू टाकलंस त्याला आता वर्ष होईल. अब्बांच्या दफनाला चाचांची जमात तुझ्यासाठी थांबली नाही असं तुला वाटतं. मीच ते वाटू दिलं.

अब्बा गेले त्या सकाळी कुवेतहून तू म्हणालास, "अकराचं विमान आहे, चार तासांत मुंबई." मी धरलं, तीनला उतरशील, आठपर्यंत महाड. तीन वाजले, चार वाजले, तुझा फोन बंदच. चाचा म्हणाले, "रात्रीच्या इशाच्या नमाजपर्यंत थांबू गो, पोराला बापाचं तोंड बघू दे." मी म्हणाले, "तो निघालाच नाय. अम्मीच्या वेळी तरी कुठे आला होता? दुपारची असरची नमाज झाली की मयत घेऊन जा."

पावणेसहाला तुझा फोन आला, "उतरलो." तोवर सगळे कब्रस्तानातून परत येत होते.

तिकडचे अकरा म्हणजे इकडचे दीड. चौदा वर्षं तुला फोन लावताना मी अडीच तास वजा करतेय, आणि त्याच दिवशी विसरले. विसरणं माफ होईल, पण मी अम्मीच्या वेळचा राग तुझ्यावर काढला. तू चाचांना नाही नाही ते बोललास, तेव्हा ते मान खाली घालून उभे राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काल तू म्हणालास, "बरसीला येतोय, अकराच्याच विमानाने." माझ्या तोंडून गेलं, "तिकडचे अकरा ना?"

 तू हळू विचारलंस, "उझ्मा, त्या दिवशी तू कुठले धरले होतेस?"

मी फोन ठेवला. हे पत्रही पाठवायचा धीर नाय.

तुझी बहीण,
उझ्मा