अप्पेपात्रातला पंप

नाशिक,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
गोदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं एक वाक्य सुरू झालं की तुझी तीन येतात. शाळा सुटून चौदा वर्षं झाली, तरी तुझ्यातला हेडमास्तर काही सुटत नाही. म्हणून हे पत्र. कागदाला मधेच तोडता येत नाही.

भाऊबीजेला पाटावर बसल्या बसल्या तू माझ्या गाडीचा निकाल लावलास. स्टिअरिंग जड झालंय, त्याचा पंप गेलाय, तसला नवा मिळत नाही, माझं वय सहासष्ट, डावा खांदा आखडलेला, तेव्हा गाडी विकून टाक. मालेगावचं गिऱ्हाईकसुद्धा ठरवून आला होतास! हातात ओवाळणीचं तबक असताना भांडण नको म्हणून मी कबूल केलं, की सात डिसेंबरपर्यंत गाडी धड झाली नाही तर विक्रीच्या कागदांवर सही करीन. शब्द दिलाय, पाळीन. पण झाली, तर माझ्या वयाचा विषय पुन्हा काढायचा नाही, हेही तू कबूल केलंयस. ते विसरू नकोस.

गॅरेजवाला गोटीराम म्हणतो की पंप कुणी उघडत नाही, जुना फेकून नवा बसवतात. ठीक आहे, मी उघडते. अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी रबरी सील तपासले. केसाएवढी चीर असलेला सील माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. पंपात पोलाद आणि रबर याखेरीज असतं काय?

रिक्षा आहेत, शेजारी आहेत, हे सगळं मला ठाऊक आहे. पण हे गेल्यावर बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले, ती कुणाला ‘जरा सोडता का’ असं विचारावं लागू नये म्हणून. ते मी आता विचारणार नाही. भीती वाटते, हेही खरं. गाडी गेली तर या वयात मला दुसरी कुणी घेऊ देणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्यातला थोडा गाडीवरही असू दे.

तुझी,
गोदा

---

मालेगाव,
८ नोव्हेंबर २०२५

चि. गोदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचलं आणि हेडमास्तरच्या वाक्याला इतकी हसली की चहा उतू गेला. तुझं अक्षर अजून सुरेख आहे, अक्कल मात्र कुठे गहाण टाकलीस कळत नाही. पंप म्हणजे कुकर नव्हे, रिंग बदलली आणि शिट्टी झाली!

मी गाडीचा वैरी नाही. खंडेनवमीला तुझ्याकडे होतो तेव्हा मीच ती धुतली, पुसली, सगळी तेलं-पाणी काठोकाठ भरली, मग झेंडूचा हार घातला. एवढं करूनही तीन आठवड्यांत पंप गेला. म्हणजे गाडीचंच आयुष्य संपलं, दुसरं काय?

माझंच बघ. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं निमित्त झालं आणि यशोधनने माझी गाडी विकली. मी हूं की चूं केलं नाही. पोरगा गुणी आहे, म्हणेन तिथे नेतो. फक्त तो मोकळा होईपर्यंत ओट्यावर बूट घालून बसावं लागतं, एवढंच. त्याने काही बिघडत नाही.

हात कापून घेऊ नकोस. खांदा शेकत जा. गिऱ्हाईक सातला सकाळी येणार आहे.

तुझा,
दादा

---

नाशिक,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पंप उघडला. पट्टा सैल करून, नळ्या सोडवून तो बाहेर काढायला दोन दिवस गेले. पुढची चकती काही केल्या निघेना, तेव्हा गोटीरामचा पुलर मागून आणला. तो देताना म्हणाला, मावशी, तुटलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही. मी म्हटलं, रडायला माझ्याकडे जागा आहे, पुलर तेवढा नाही.

आत दहा पातळ पोलादी पात्या असतात. त्या गरगर फिरून तेल दाबतात आणि त्या दाबाने स्टिअरिंग हलकं होतं. ज्या खाचेतली पाती त्याच खाचेत परत जायला हवी. म्हणून वहिनीने दिलेलं बारा खळ्यांचं अप्पेपात्र घेतलं. दहा खळ्यांत दहा पात्या, अकराव्यात स्प्रिंग, बाराव्यात कडी. पात्या आरशासारख्या लखलखीत होत्या. एकही झिजलेली नव्हती. दादा, तुझी ही आयुष्य संपलेली गाडी!

मेले होते ते सील. फुगून मऊ पडलेले, नखाने दाबलं तर खड्डा राहत होता. म्हातारपणाने सील कडक होतो, तडकतो. फुगत नाही. तो फुगतो भलतं तेल पोटात गेलं की. पंपाच्या टाकीतलं तेल लाल असायला हवं, ते गढूळ पिवळं होतं, म्हणजे ब्रेकचं तेल मिसळलेलं. या सीलला ब्रेकचं तेल म्हणजे विष.

मी तडक गोटीरामकडे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. त्याने पोराबाळांची शपथ घेतली, की त्या टाकीला हातही लावला नाही. मी ऐकलं नाही. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि ‘काठोकाठ’ या शब्दावर थांबले. मग डिकी उघडली. ब्रेकच्या तेलाची बाटली दसऱ्याआधी अर्धी होती. आता रिकामी आहे.

दादा, ती तू कुठे ओतलीस?

गोदा

---

मालेगाव,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. गोदास,
अनेक आशीर्वाद.

मीच ओतली. बॉनेट उघडलं तर दोन टाक्या दिसल्या. एक भरलेली, दुसरी बोटभर रिकामी. झाकणावर काही चित्र होतं, चष्मा आत राहिला होता. तेल ते तेल, असं वाटलं. आपल्या अण्णांची शिस्त तुला आठवत असेल. पूजेला अर्धं भांडं ठेवायचं नाही. खंडेनवमीला ते शाईची दौतसुद्धा गळ्यापर्यंत भरून ठेवायचे. मी अण्णांचं सोवळं पाळलं आणि तुझी गाडी मारली.

त्याहून वाईट म्हणजे दोष तुझ्या वयावर आणि खांद्यावर टाकला. बाहत्तराव्या वर्षी मला लाज वाटली. गोटीरामचा नंबर वहिनीने शोधून दिला, त्याची माफी मागितली. तो भला माणूस आहे. तुलाही एकदा जायला हवं.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलंय. सात डिसेंबरचा शब्द मी तुला परत करतो, तू त्यातून मोकळी. चूक माझी असताना तुझी परीक्षा कसली? नवा पंप मी कुठूनही शोधून आणवतो.

तुझा अपराधी,
दादा

---

नाशिक,
२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
गोदाचा सा. न. वि. वि.

मोकळी कशाला करतोस? हरत आल्यावर खेळ मोडायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे. शब्द जिथे होता तिथेच आहे. नवा पंप नको. तू मारलेला मी उठवलाय.

सरळ उठला नाही, तेही सांगते. अंबडला जाऊन व्हर्निअरने मापून सील आणले, सगळं जोडलं, गाडी चालू केली, तर स्टिअरिंग तसंच जड आणि पंप कण्हायला लागला. त्या दिवशी मी जेवले नाही. वाटलं, तू म्हणतोस तेच खरं. सकाळी पुन्हा उघडला. दोन पात्या उलट्या बसल्या होत्या. गोल कड बाहेर हवी, माझी आत गेली होती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी!

नंतर गोटीराम आपणहून आला. मी त्याची माफी मागितली, त्याने ती अप्पे खाऊन मान्य केली. पुढची चाकं जॅकवर उचलून आम्ही जुनं तेल पार धुऊन काढलं, नवं लाल भरलं आणि फेस मरेपर्यंत स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवत बसलो. काल मी एकटी ओझरपर्यंत जाऊन आले. एक थेंब गळला नाही. येताना मोठ्याने गात होते, सिग्नलवर एक मुलगा बघून हसला. हसू दे.

आता तुझं. तुझ्या पहिल्या पत्रातली ओट्यावर बूट घालून बसण्याची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली. मग आता कसलं निमित्त आहे? तेव्हा हूं की चूं केलं नाहीस, हे कौतुकाने का सांगतोस?

सात तारखेला सकाळी दहाला मी मालेगावात तुझ्या दारात गाडी लावीन. बूट घालून बस, फार वेळ बसावं लागणार नाही. चष्मा घे आणि लायसन्सही घे. मुदत संपली असेल तर आधी फॉर्म भरू, संपली नसेल तर गावाबाहेर पोचल्यावर मी उतरून तुझ्या जागेवर बसेन. यशोधनला मी समजावते. त्याच्या एका वाक्याला तीन वाक्यं मलाही येतात.

वहिनीला नमस्कार. लोभ काठोकाठ असू दे, पण बॉनेटला हात लावू नकोस.

तुझी,
गोदा