खारीवरची शाळा आणि माझा अंगठा

मी, गिरजाबाई नाथा पाटील, वय ७१, राहणार मौजे धाकटी खार, तालुका पेण, डोकं ठिकाणावर असताना, राजीखुशीनं हे मृत्युपत्र करते. दडपण नाही असं लिहायचा रिवाज आहे. दडपण पडवीत बसलं आहे. पुतण्या पुंडलिक पनवेलहून आला आहे. उद्या सोमवारी मिशनच्या सिस्टरांची शाळा उघडते आणि हा फाटकाला कुलूप घालणार आहे. मजकूर माझा, अक्षर अमीना इद्रीस मुकादम हिचं. त्या शाळेतून दहावी झालेली ही पहिली मुलगी.

कलम १. शाळेखालची अठरा गुंठे जमीन व गोड्या पाण्याची विहीर मला माझ्या वडिलांनी दिली, सासरच्या कोणाचा त्यात हिस्सा नाही. ती माझ्या पश्चात सिस्टरांच्या संस्थेस द्यावी. १९६९ साली सिस्टर आन्सेल्मांनी मिठाच्या वखारीत बारा पोरं घेऊन शाळा मांडली, तेव्हाच मी तोंडी दिली होती. कागद केला नाही, ही चूक माझी.

तेव्हा गावात उठवलं, सिस्टरांनी विहिरीत पाव टाकलाय, पाणी प्यालात तर बाटाल. दुसऱ्या दिवशी शाळेत एक पोर नाही. मी सगळ्यांदेखत कळशी ओढली आणि प्याले. सिस्टर वसईच्या, म्हणाल्या, "गिरजाबाई, पाव आम्हालाच महिन्यातून एकदा मिळतो, विहिरीत कशाला टाकू?" पोरं आठवड्यानं परतली. दिरांनी मात्र मला अकरा वर्षं वेगळ्या पेल्यात पाणी दिलं.

कलम २. तो जर्मनचा पेला दिरांचा मुलगा पुंडलिक यास द्यावा. घासून ठेवला आहे.

कलम ३. मिठागरातलं माझं फावडं तिथं माझ्या जोडीनं राबलेल्या जनीस. दांडा हलतो, तिला सांगावं.

कलम ४. पुंडलिकाकडे एक संमतीपत्र आहे. मी जमीन त्याला दिली म्हणे, आणि खाली माझा डावा अंगठा, रेष न् रेष उमटलेला. काकी अंगठाबहाद्दर, असं त्यानं धरलं. १९७१ साली पोस्टात मी अंगठा दिला होता. पोस्टमन म्हणाला, "बाय, ह्यो ठसा नाय, डाग हाय." लहानपणापासून मीठ ओढून रेषाच गेल्या होत्या. रडत शाळेत आले. सिस्टरांनी पाटी दिली आणि पहिलीच्या पोरांमागे बसवलं. तेरा दिवसांत नाव आलं. लाज वाटली, पण त्याहून आनंद जास्त. त्यानंतर मी कुठेही अंगठा दिलेला नाही, आणि रेषा काही परत आल्या नाहीत.

आत्ता पुंडलिक दारात येऊन गेला. "काकी, झाला काय गो?"

"व्हय, सही राहिली हाय."

"सही? तुझी?" म्हणून हसला. साक्षीला बसलेल्या डॉक्टरांनी ऐकलं, काळूरामनंही.

याची नक्कल आजच सिस्टरांकडे पोचवावी. उद्या कुलूप आलं तर ती पुढे धरावी आणि शाळेची घंटा वेळेवर द्यावी.

ठिकाण: धाकटी खार. रविवार, १४ जून २००९.

साक्षीदार: डॉ. अय्यूब धनसे (तब्येत तपासली, शुद्धीत आहेत). काळूराम जनू म्हात्रे.

सही: गिरजाबाई नाथा पाटील

सहीशेजारी डावा अंगठा मुद्दाम उठवला आहे. ज्याला शंका असेल त्यानं भिंग घेऊन रेष शोधावी.