डावी पाती, उजवी पाती

कामिझावा, २० जुलै १९७९

चि. हात्सुए हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. शेतातली माती उकरणाऱ्या आपल्या टिलरची पाती झिजून पार नखाएवढी झाली होती. ओकुयामा मिस्त्री बसवून देतो म्हणत होता, मी त्याला वाटेला लावलं. शेतकी सोसायटीचा अध्यक्ष राहिलेल्या माणसाला चार बोल्ट पिळता येऊ नयेत? आता टिलर फिरला की माती दोन्हीकडे उडते आणि मधे चर पडतो. तुझी वहिनी चर बघायला आली. तिला समजावलं की ही पाणी निचरण्याची सोय आहे. शेजारचा कोंता तर थक्कच झाला.

पत्र पाठवत जा, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा, तोकुजी

कामिझावा, २४ जुलै

सौ. हात्सुए वन्संना किनूचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या दादांच्या चराची हकिकत कळली असेलच. खरं असं की डावी पाती वेगळी, उजवी वेगळी. ह्यांनी डावीकडे उजवी आणि उजवीकडे डावी चढवली आहेत. ओकुयामाने कुंपणाबाहेरून हळूच तसं सांगितलं, तर तुझ्या बापाला सोसायटीत कोणी घेतलं ते आठव, असं ह्यांनी सुनावलं. आता कोंताही आपली पाती उलटी करून मागतोय आणि त्याचं बघून अख्खी आळी. ओकुयामा आज-उद्या करत वेळ काढतोय.

हसू येतं हो, पण चरात पाणी साचलंय. ऑगस्टअखेर मुळा पेरायचा. आमचा एकट्याचा सडला तर लोणच्यापुरता मागून आणीन, सगळ्या आळीचा सडला तर कोणाच्या दारात जाऊ? ह्यांना तोंडावर चूक म्हणायचं आजवर धाडस झालेलं नाही.

लोभ आहेच, तो ह्या पत्राने कमी होऊ नये.
किनू

सेंदाई, २८ जुलै

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

दादाला तानाबाताच्या उत्सवाला बोलावून घेतलंय. त्याची निचऱ्याची योजना ऐकायला आमच्या यजमानांना बसवते. ते बँकेत होते, त्यांना सवय आहे. तेवढ्यात ओकुयामाकडून पाना आणा आणि पाती तुम्हीच बदला. त्याने हात लावला तर दादा जन्मभर डूख धरेल. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून आधी त्याच्या प्लगची वायर काढून ठेवा, लोणच्यासाठी तुमची बोटं शाबूत हवीत.

थोरल्यांना नमस्कार, तुम्हाला धीर.
हात्सुए

कामिझावा, १२ ऑगस्ट

चि. हात्सुए हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्सव छान झाला. तुझे यजमान फार मन लावून ऐकतात, पुष्कळदा तर डोळे मिटून.

परत आलो तर जमीन सपाट. आधी चर, मग सपाट, अशीच माझी पद्धत आहे, हे मी आळीत सांगून टाकलं. ओकुयामाने अजून कोणाची पाती उलटवली नव्हती. ती तशीच राहू देण्याची त्याला परवानगी दिली.

तुझ्या वहिनीच्या बोटांची सालटं निघाली आहेत. दार लागलं म्हणाली. मी जास्त विचारलं नाही. ती विहिरीवर गेल्यावर टिलर पाहिला. एकूण एक पातं जागच्या जागी, एक बोल्ट तेवढा ढिला होता, तो पिळला. मग मलम आणून तिच्या बोटांना लावलं. ती हसायला लागली की रडायला, मला नीट कळलं नाही.

पुढच्या खेपेला पाती तिनेच बसवावीत, मी पाना हातात देत जाईन, असं ठरवलं आहे. ठरवलं मी, एवढं मात्र लक्षात असू दे.

आहे तशी माया राहू दे.
तुझा दादा, तोकुजी