उघड्या डिस्कला तेल घालणाऱ्यांसाठी

तेल घातलं कल्लप्पा भावजींनी आणि बोल लागला डिस्क ब्रेकला. मागच्या सोमवारी बिभीषण मिस्त्रींनी आमच्या सासऱ्यांच्या जुन्या ट्रकच्या पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवून दिली. अंगणात गाडी पुढंमागं करून पाहिली, पाय ठेवला की जागेवर थांबत होती. मग माझे थोरले दीर कल्लप्पा तांब्या घेऊन आले. आमच्या घरची रीत अशी, की घाण्याचं पहिलं करडईचं तेल गाडीच्या चाकांना घालायचं आणि मगच गाडी फाटकाबाहेर काढायची. ड्रम ब्रेक चारी बाजूंनी बंद असतो, तेल वरच्यावर ओघळून जायचं. डिस्क उघडी असते. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, तितं आत नका घालू." भावजी म्हणाले, "तू तुझा पाना धर. देवाचं मला शिकवू नको." आणि दोन्ही चाकांच्या आत धार सोडली. माझ्या मुलानं, अजिंक्यनं, गाडी काढली, फाटकाशी ब्रेक दाबला, गाडी तशीच पुढं. गुरांची पाण्याची टाकी आडवी आली म्हणून थांबली. टाकी फुटली. भावजी रिकामा तांब्या धरून म्हणतात, "बघितलं की नव्या ब्रेकची लायकी?" दोन दिवसांत डिस्क उतरवली आणि पुन्हा ड्रम चढवले. मला कुणी विचारलं नाही. म्हणून हा कागद.

मी सिद्धेश्वरी गुरुशांत बिराजदार, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा तेलाचा घाणा, राहणार होटगी, तालुका दक्षिण सोलापूर. माझं डोकं ठिकाणावर आहे. घरात बाकी कुणाचं आहे ते या कागदात लिहिण्याचं कारण नाही. कुणी धाक घातला नाही, कुणी मजकूर सांगितला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, हेच पहिलं आणि हेच धरावं.

घाई कशाची ते सांगते. दसऱ्याला हा ट्रक तुळजापूरला न्यायचा ठरला आहे. जाताना चढ आहे, त्याचं भय नाही. येताना घाट उतरायचा आहे. माझे मालक गुरुशांत याच गाडीत, याच ड्रमवर, करडईची पोती घेऊन तो घाट उतरत होते. शेजारी ज्ञानबा हमाल होता, तो वाचला. तो सांगतो, आधी करपल्याचा वास आला. मालक म्हणाले, "ज्ञानबा, पाय खाली चाललाय." गाडी डोंगराला लावली, स्वतः बसले होते त्या बाजूनं.

मिस्त्रींनी मला साध्या भाषेत सांगितलं. उतारावर ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतो, आतली उष्णता आत राहते, मग पेडल नुसतंच खाली जातं. डिस्कला वारा लागतो. पुढं डिस्क घाला, मागं ड्रम राहू द्या, आणि तेलाचा थेंब लावू नका. एवढंच आहे. भावजी म्हणतात, "तवा माल लई होता. आता गाडी रिकामी हाय." रिकामी नाही. मागच्या फळ्यांत भाऊबंदांच्या बायका आणि लेकरं बसणार आहेत. अजिंक्य म्हणतो, जुनी गाडी जशीच्या तशी असली तरच लग्नाच्या वरातीला मागणी येते, डिस्क दिसली की लोक नाकं मुरडतात. बापाचा चेहरा तो विसरला असेल, मी विसरले नाही.

मी स्वतः पुढं बसणार आहे. देवीचा कलश घेऊन विधवेनं बसू नये असं निघालं होतं. अजिंक्य सगळ्यांसमोर म्हणाला, "माजी आईच बसंल. ज्याला पटत न्हाय त्यानं मागं चढू नये." त्या बोलण्यासाठी मी बसणार. मी नाही बसले तरी गाडी जाणारच आहे.

आता वाटणी.

राहत्या दोन खोल्या अजिंक्यला. अपेक्षाला, माझ्या मुलीला, तिथं कधीही येऊन कितीही दिवस राहता येईल. कुलूप घालून ठेवलं तर तिनं फोडावं, मी आत्ताच परवानगी देते.

बँकेत जे निघेल ते दोघांना सारखं. पाटल्या अपेक्षाच्या.

मालकांची पान्यांची पेटीही अपेक्षाला. लहानपणी बापाला पाना तीच काढून द्यायची आणि जेऊरला सासरी ट्रॅक्टर तीच खोलते. ही पेटी भावजींनी दोनदा मागितली आहे. त्यांना चाकाचा नट कुठल्या बाजूला फिरतो ते माहीत नाही.

जाऊबाई मल्लव्वा यांना माझ्याकडून काही नाही. मालक गेले तेव्हा त्या गावभर सांगत फिरल्या, की सिद्धेश्वरीनं घाई केली, चाकांना तेल घालायचं राहिलं, म्हणून असं झालं. तेल घातलं होतं. मीच घातलं होतं, चारी चाकांना. हे आता सहीनिशी लिहून ठेवते म्हणजे माझ्या तिसऱ्याला तेच पुन्हा बोलायला नको.

भावजी घाणा चालवतात ती जागा मालकांनी घेतली, माझ्या नावावर आहे. गाडी ड्रमवर घाट उतरली आणि मी परत आले नाही, तर ती जागा अपेक्षाची होईल आणि भावजींनी घाणा उचलून न्यावा. पुढं डिस्क असताना मला काही झालं, तर तो माझा ठरलेला शेवट समजावा, दोष कुणाचा नाही. जागा तेव्हाही अपेक्षाचीच, पण घाणा भावजींचे हातपाय चालतात तोवर तिथंच राहील.

ट्रकची कागदपत्रं अजून सासऱ्यांच्या नावावर आहेत. त्यातला आमचा अर्धा हिस्सा अजिंक्यला, पुढं डिस्क आणि चाकांना तेल नाही या अटीवर. अट मोडली तर हिस्सा अपेक्षाचा, आणि तिनं गाडी हलू देऊ नये.

मी आणि अजिंक्य एकाच दिवशी गेलो तर सगळं अपेक्षाचं. तिनं गाडी घरी आणू नये. दुरुस्त करू नये. घाटातच गॅसकटरनं कापून भंगारात घालावी, आणि भावजींना तिथं उभं करून ते बघायला लावावं.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि साक्षीदारांना वाचून दाखवलं. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: सिद्धेश्वरी गुरुशांत बिराजदार

साक्षीदार: बिभीषण मिस्त्री, गॅरेज अक्कलकोट रोड एमआयडीसी (सही)
साक्षीदार: ज्ञानबा हमाल, होटगी (डावा अंगठा)

होटगी, १२ सप्टेंबर २०२५

कल्लप्पा भावजी आणि अजिंक्य, याची एकेक नक्कल तुम्हा दोघांच्या हातात देते आहे. घट बसले की मिस्त्रींच्या हातात दुसरी कामं आहेत, डिस्क चढवायला त्याआधीच बोलवावं लागेल. ड्रम की डिस्क, आणि डिस्क तर तेल बंद, हे दोघांनी सही करून लिहून द्यायचं. तोंडी मी ऐकणार नाही. सर्वपित्री अमावास्येला, रविवारी २१ तारखेला, मालकांच्या नावचं पान वाढायच्या आत मला उत्तर पाहिजे.