रस्तोगीसाहेबांच्या समुद्राचा पंप

लखनौ,
रविवार, ९ मार्च १९९७

तीर्थस्वरूप नरहरमामांच्या चरणी,

भाचा श्रीरंग याचा लखनौहून साष्टांग नमस्कार. मामींनाही नमस्कार. (त्यांना नुसता वाकून. साष्टांगाला त्या ‘हे काय नाटक’ म्हणतात.) इकडे आम्ही तिघेही खुशाल आहोत. विनयाची कंबर, ऋचाचं गणित आणि माझी बदली एवढं सोडलं तर घरात कसलंही दुखणं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मूर्तिजापूरचे वैद्य त्याला वात म्हणतात आणि अकोल्याचे डॉक्टर वय म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. माझं ऐकाल तर वैद्यांवर विश्वास ठेवा, वातावर निदान औषध तरी मिळतं. आईची तब्येत ठीकच असणार. ती ठीक नसते तेव्हा भांडत नाही, आणि तुमच्या पत्रावरून ती दूधवाल्यापासून मामींपर्यंत सगळ्यांशी व्यवस्थित भांडते आहे.

पत्रातली एक ओळ तुम्ही जरा जोर देऊन लिहिली आहे, इतका की पेन कागदातून आरपार गेलं: ‘बदलीचं काय झालं?’ मामा, तुमचा राग मला कळतो. बाबा गेल्यावर आई तुमच्याकडे आली ती माझी अकोल्याला बदली होईपर्यंत, असं आपलं ठरलं होतं. त्याला आता तिसरं वर्ष लागलं. बहिणीने भावाकडे राहण्यात काही वावगं नाही, पण मुलगा धडधाकट असताना राहावं लागणं बरं दिसत नाही, आणि लोकांचं सोडा, मलाही ताटावर बसलो की तेच आठवतं. आई काही लखनौला यायची नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इथली थंडी, इथली लाइट, इथली हिंदी, यातलं काहीएक तिला मानवणारं नाही. तेव्हा तिला माझ्याजवळ आणायचं तर मीच तिच्याजवळ जायला हवं. एवढ्यासाठी गेले सात महिने मी काय करतो आहे ते आता लिहितो. मामींना वाचून दाखवाल तेव्हा आवाज बेताचा ठेवा.

आमच्या खत कंपनीत बदलीच्या अर्जावर वरिष्ठांची शिफारस लागते. वरिष्ठ म्हणजे रस्तोगीसाहेब. माणूस फार सज्जन. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेला नाही, त्यामुळे आपलं काम झालं की नाही हे कळायला सहा महिने लागतात. त्यांच्या गोमतीनगरच्या बंगल्यात बैठकीच्या खोलीत एक समुद्र आहे. लाल मासा आणि प्लॅस्टिकचा शंख घातलेली काचेची पेटी तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल तर ती पुसून टाका. हा खरा समुद्र आहे. खारं पाणी, जिवंत दगड आणि पोवळी. पोवळं म्हणजे आपण अंगठीत घालतो तेच, फक्त इथे ते जिवंत असतं, त्यामुळे फुलतं, मिटतं आणि जावयासारखं रुसतं. हे सगळं त्यांच्या मेहुण्याने जमवलं. मेहुणा इथल्या अमौसी विमानतळावर विमान कंपनीत होता, सिंगापूरहून एकेक वस्तू (मीठसुद्धा!) आणत गेला आणि समुद्र भरून तयार झाल्यावर त्याची कलकत्त्याला बदली झाली. (न मागता. लोकांच्या बदल्या अशा होतात.)

ऑगस्टमध्ये मी अर्ज घेऊन साहेबांच्या घरी गेलो, तर साहेब त्या पेटीसमोर दवाखान्याच्या बाकावर बसावं तसे बसलेले. काचेतल्या समुद्राला भरती-ओहोटी नसते, म्हणून पेटीच्या दोन टोकांना मुठीएवढे दोन पंप लावलेले असतात. ते दिवसभर पाणी फिरवत राहतात. पाणी फिरलं नाही तर पोवळ्यावर गाळ बसतो, त्याला दम लागतो आणि ते मरतं. त्या दिवशी एक पंप घरघरत होता. मला पाहताच साहेब उठले आणि माझ्या हातातला अर्ज घेत म्हणाले, “अरे श्रीरंग जी, आप तो समंदर वाले हैं! ज़रा देखिए तो.”

मामा, मी समुद्रवाला! आपल्या गावची नदी संक्रांतीपासून गाई-म्हशींना बसायला मोकळी होते. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर गणपतीपुळ्याला, आणि पहिल्याच लाटेत एक चप्पल गेली म्हणून उरलेला वेळ ती शोधण्यात गेला. (विनया अजून म्हणते की तिने समुद्र पाहिला आणि मी वाळू.) पण इथल्या लोकांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे समुद्र, मध्ये काही नाही. खुलासा करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझा अर्ज साहेबांच्या हातात दिसला, आणि मी बाह्या वर केल्या.

वायर काढली, जाळी काढली, पंप उघडला. आत लोहचुंबकाचा एक गट्टू आणि त्याला पंख्यासारखी पाती, आणि पात्यांवर आपल्या बंबात बसतो तसा पांढरा थर. खाऱ्या पाण्याचा चुना. सोबतची पुस्तिका जर्मन भाषेत, पण तिच्यात एका बाटलीचं चित्र होतं. तो सिरका (म्हणजे व्हिनेगर), असं मिसेस रस्तोगींनी ओळखलं आणि घरचा सिरका आणला. उसाचा, त्यात कांदे, लसूण आणि हिरव्या मिरच्या मुरलेल्या. तासभर पंप त्यात बुडवला. थर जरासा सैल झाला, पण पंपाला ढाब्यावरच्या सॅलडचा वास मात्र पक्का बसला. मग मला आई आठवली. दिवाळीच्या आधी ती पितळेचे डबे चिंचेने घासते, तेही काही जर्मन पुस्तिका वाचून नव्हे. दुसऱ्या दिवशी घरून चिंच नेली (तिनेच पाठवलेली), कोळ केला, पंप भिजत घातला, जुन्या टूथब्रशने कानेकोपरे घासले, सात पाण्यांनी धुतला. खरं सांगतो, पंप नवा निघाला. आपल्या हातून काहीतरी नीट झालं, असं मला या कंपनीत लागल्यापासून पहिल्यांदा वाटलं.

फक्त बसवताना त्याचं तोंड कुठे करायचं ते पाहायचं राहिलं. बटण दाबलं आणि धार पेटीतून वर उसळली ती सोफ्यावरून थेट भिंतीवरच्या कैलासवासी थोरल्या रस्तोगीसाहेबांच्या फोटोवर, हारासकट. मी गारठलो. आता बदली होणार ती अंदमानला, असं मनात आलं. पण तख्तावर, म्हणजे लाकडी पलंगावर, पानदान घेऊन साहेबांच्या आई बसल्या होत्या, सगळे त्यांना अम्माजी म्हणतात, त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “चलो, इनका भी समंदर में असनान हो गया.” सगळे हसले आणि मी त्या घरचा झालो.

घरचा झालो याचा अर्थ पुढे कळला. चिंचेचा पराक्रम पाहून मिसेस रस्तोगींनी मुरादाबादी पितळी फुलदाण्या काढल्या, मग समया, मग अम्माजींचं पानदान. पण ती किरकोळ कामं. मुख्य काम म्हणजे एका रविवारी डावा पंप आणि पुढच्या रविवारी उजवा. (दोन्ही एकदम बंद करायचे नसतात. एक विश्रांती घेतो तेव्हा दुसऱ्याने राबायचं, आमच्या घरासारखंच.) शिवाय लखनौची लाइट. ती गेली की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, पंप चालत नाहीत, जळतील म्हणून मेहुणा कलकत्त्याहून बजावतो. मग साहेब मला चालू मीटिंगमधून उठवतात आणि कानात म्हणतात, “श्रीरंग जी, घर पर बत्ती गई है.” ऑफिसात लोकांना वाटतं की मंत्र्यांचा फोन आला. मी स्कूटर काढतो आणि जाऊन पाणी हलवतो. हाताने हलवून खांदा भरून आला, तेव्हा ऋचा म्हणाली, “बाबा, आप मिक्सी ले जाइए न.” (तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.) मिक्सर नेता येत नव्हता, कारण तोही विजेवरच चालतो. मी विनयाची ताकाची रवी नेली. मामा, खांबाला दोरी न बांधता, दोन तळहातांमध्ये रवी फिरवत, सिंगापूरचं मीठ घातलेला समुद्र मी घुसळला आहे. देवदानवांना चौदा रत्नं मिळाली. मला अम्माजींनी एवढंच विचारलं की मक्खन आया क्या.

जानेवारीत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, गजक (इथली तीळगुळाची वडी) पुढे केलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले की तुमच्याबद्दल मी वर असं लिहिलं आहे, असं लिहिलं आहे, की आजवर कोणाबद्दल लिहिलं नाही. मग त्यांनी ते वाचूनच दाखवलं. इतका कष्टाळू, इतका चिवट, हाती घेतलेलं काम तडीस नेणारा अधिकारी दुसरा नाही, आणि त्याच्यावाचून लखनौ कार्यालयाचं चालणं अशक्य आहे. वरच्यांनी ते वाचलं आणि लगोलग उत्तर दिलं की अशा माणसाला आणखी तीन वर्षं हलवू नये. साहेबांना वाटलं मला फार आनंद झाला. मी त्यांचे आभार मानले आणि गजक खाल्लं. फार चांगलं होतं.

मग मीही ठरवलं. पंप घासल्यामुळे आपण अडकलो, तर आता पंप घासायचा नाही. ऋचाच्या परीक्षेचं निमित्त काढून दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तो नापास झालेला पेपर बघायला जावं तसा. दोन्ही पंप घरघरत होते, पाणी जेमतेम हलत होतं, पोवळी मिटून राखाडी झाली होती. तक्रार केली ती अम्माजींनी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तख्त पेटीजवळ ओढून दिवसभर तिच्याकडे पाहत बसतात. म्हणाल्या, “भैया, पानी काहे रुक गया? जी घबराता है.” मी चिंच भिजत घातली. घासता घासता त्यांनी विचारलं की तुमची अम्मा कुठे असते. म्हटलं, महाराष्ट्रात, माझ्या मामांकडे. “समंदर के किनारे?” मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे, सवय झाली असेल. त्या म्हणाल्या, “तब तो मन लगा रहता होगा.” मामा, मला एकदम रडू आलं. हाताला चिंच असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. दोन्ही पंप घासून, धुऊन, तोंडं नीट बघून बसवले आणि घरी आलो. गेल्या रविवारपासून पोवळी पुन्हा फुलली आहेत.

तर बदलीचं हे असं झालं. तुमच्यासमोर उभं राहून हे सांगण्याची हिंमत नव्हती, म्हणून कागद भरला. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि दूधवाल्याला माझी सहानुभूती कळवावी.

आपला आज्ञाधारक भाचा,
श्रीरंग

ता. क. खरं काम लिहायचं राहूनच गेलं. बदली होत नाही म्हटल्यावर आईला इकडे आणणं भाग आहे, आणि सरळ सांगितलं तर ती येणार नाही. तेव्हा तुम्ही तिला सांगा की नैमिषारण्य दाखवतो. सत्यनारायणाच्या पोथीत ऋषी जिथे बसून कथा ऐकतात ते नैमिषारण्य इथून बसने जवळ आहे, हे अगदी खरं. जन्मभर जे नाव ऐकलं त्याला ती नको म्हणायची नाही. भुसावळहून पुष्पक धरा. खालचा बर्थ घ्या. परतीचं तिकीट काढू नका, विचारलं तर ते लखनौलाच मिळतं म्हणा. मी चारबाग स्टेशनवर उभा असेन. पुढचं मी बघतो.

ता. क. २. हे पत्र आईला अजिबात वाचून दाखवू नका. तिच्या चिंचेने मी मासे धुतले असं ती गावभर सांगेल. (मासे नाही, पंप. पण ती कुठली ऐकायला.)

ता. क. ३. मामा, मी विनया. नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. नैमिषारण्याचं सोंग आणू नका. आत्ता मी एसटीडीवर जाऊन तुमच्या समोरच्या मेडिकलमध्ये फोन लावला आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. तुम्ही इकडे याल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “त्याने मला कधी ये म्हटलंय? येऊ नकोस, थंडी आहे. येऊ नकोस, लाइट जाते. येऊ नकोस, भाषा कळायची नाही. मला वाटलं, तुम्हालाच अडचण होत असेल. स्वेटर दिवाळीपासून बॅगेत भरून ठेवलाय.” घरी येऊन यांना सांगितलं, तर पंपाचा टूथब्रश पिशवीत भरत होते, तो खाली ठेवला. म्हणाले, मी विचारलंच नाही का कधी? मी म्हटलं, नाही. पत्र सबंध वाचून दाखवा, चिंचेसकट. पण आधी खालचं वाचा, ते यांच्या हातचं आहे.

आई, तू इकडे राहायला ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही. (येताना चष्मा विसरू नकोस.)
श्रीरंग